हयातीचा दाखला

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी, तोंडात अजून ब्रशही गेला नव्हता तेव्हा, देविकाच्या मोबाइलने तिला विचारलं की तुझा नवरा जिवंत आहे का.

विचारलं मात्र अगदी अदबीने. 'सुप्रभात देविकाजी. आज का दिन मंगलमय हो. कृपया पुष्टि करें, आपके पति श्री अनुपजी जीवित हैं? हाँ या नहीं दबाएँ.' खाली एक छोटीशी पणतीही तेवत होती.

देविका दचकली. तिच्या दचकण्याला घरात कोणी फारशी किंमत देत नसे, ही गोष्ट खरी. स्वतः लावलेल्या कुकरच्या शिट्टीला ती दचकायची, दारावरची घंटी स्वतः वाजवून दचकायची, आणि नवा चष्मा आला त्या दिवशी आरशात पाहून 'कौन?' असं विचारून बसली होती. पण हे दचकणं जरा निराळं होतं. तिने हळूच मान वळवून पलंगाकडे पाहिलं. अनुप उताणा पडला होता, तोंड उघडं, आणि घोरणं (जे थांबावं म्हणून ती लग्न झाल्यापासून देवाला साकडं घालत होती) नेमकं बंद. तिने त्याच्या बरगडीत बोट खुपसलं.

"क्या है?" अनुप म्हणाला. (झाशीत जन्मलेल्या मराठी माणसाची ही पक्की खूण. जागेपणी मराठी, झोपेत आणि भांडणात हिंदी.)

"काही नाही. आहेस ना, ते पाहिलं."

आहे म्हटल्यावर तिने अंगठ्याने तो मेसेज बाजूला सारला आणि न्हायला गेली. सोवळ्याचा स्वयंपाक व्हायचा होता, महालक्ष्म्यांना आजच्या नव्या साड्या नेसवायच्या होत्या, मोबाइलशी गप्पा मारायला वेळ कुणाला? पण छातीत एक उंदीर पळायला लागला तो लागलाच.

आता खरं सांगायचं तर त्या चौकशीमागे दुसरंतिसरं कोणी नव्हतं, खुद्द देविकाच होती. ते कसं, हे कळायला झाशीतल्या मराठी घरांची एक अडचण समजून घ्यायला हवी. पेशवाईत कोणी दप्तर घेऊन इकडे आलं, कोणी पोथी घेऊन आलं, आणि ती घरं इथेच राहिली. घरं मोजकी. महालक्ष्म्या मात्र सगळ्यांच्या एकाच दिवशी जेवतात, आणि त्या दिवशी प्रत्येक घराला दुपारी पाटावर बसायला दुसऱ्या घरची सवाष्ण लागते. म्हणजे जी बाई आपल्या घरी पुरण वाटत असते, तीच त्याच वेळी दुसऱ्याच्या घरी जेवायला हवी असते. सवाष्ण जेवल्याशिवाय घरातलं कोणी जेवायचं नाही. गेल्या वर्षी देविकाच्या सासूबाईंनी, म्हणजे सुहासिनीबाईंनी सांगितलेली सवाष्ण चार घरं फिरून दिवेलागणीला टेकली. तोवर सासरे, अण्णा, भुकेने इतके कोमेजले होते की ओटीच्या नारळाकडे टक लावून बसले होते.

त्या दिवशी देविकाने एक छोटासा निश्चय केला. आपण ह्याचं ॲप करू.

ती एम.कॉम. होती. कॉम्प्युटरचं ज्ञान म्हणाल तर बंद पडला की बंद करून परत चालू करायचा, एवढं. पण मोबाइलवरचे सगळे व्हिडिओ एकच सांगत होते. टीम नको, इंजिनिअर नको, पगार नको, एआयला नुसतं सांगा आणि कंपनी उभी करा. देविकाने सांगितलं. आणि तिच्या डोळ्यांसमोर पडद्यावर ओळीमागून ओळी आपोआप उमटायला लागल्या (तेव्हाही ती दचकली होती). झाशीत रिक्षावाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे भैया, म्हणून तिने त्या एआयलाही भैयाच म्हणायला सुरुवात केली. आणि भैया तरी कसा? 'बहुत सुंदर विचार है, देविकाजी.' 'आपने बड़ी गहरी बात कही.' तीन वर्षांच्या संसारात तिला इतकं बोलकं कौतुक कोणी ऐकवलं नव्हतं. तिने भराभर सांगितलं, त्याने भराभर केलं. ॲपचं नाव सासूबाईंनी ठेवलं, 'पाटरांगोळी'. देविका मालक, मॅनेजर, इंजिनिअर आणि शिपाई. यादीतली पहिली सवाष्णही तीच, कारण करून बघायला दुसरं कोणी जवळ नव्हतं.

सासूबाईंची अट एकच होती. एका वर्षी त्यांनी अशा एका बाईंना सवाष्ण म्हणून बोलावणं धाडलं होतं ज्यांचे यजमान जाऊन दोन महिने झाले होते. त्या बाईंनी दारातच इतक्या शांतपणे 'अहो, आता मी कुठली' म्हटलं की सुहासिनीबाई त्या दिवशी जेवल्याच नाहीत. तसं पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये. म्हणून देविकाने भैयाला लिहिलं की माहिती नेहमी ताजी राहिली पाहिजे. भैयाने विचारलं, एखादीने प्रश्न वाचला आणि उत्तरच दिलं नाही तर काय समजावं? त्या वेळी गॅसवर दूध होतं. देविकाने लिहिलं, 'जो आपको ठीक लगे.' दूध वाचलं.

मग भैयाने आपणहून आणखी एक गोष्ट सुचवली होती. दुःखद बातमी यादीतल्या सगळ्यांना जाईल, पण ज्या घरावर दुःख कोसळलंय त्या घरी जाणार नाही. त्यांना कशाला दुखवायचं? हे वाचून देविकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतका समजूतदार पुरुष तिने माहेरी पाहिला नव्हता नि सासरीही नाही.

अण्णांनी मात्र एका शाळेत तिच्या नोकरीचं बोलून ठेवलं होतं. "महालक्ष्म्यांपर्यंत थांबा," ती म्हणाली होती. "ह्या वर्षी बाराच्या ठोक्याला सवाष्ण पाटावर बसली नाही, तर मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाईन."

तर आता तो दिवस. पहिल्या महालक्ष्मीला हिरवी साडी नेसवून झाली होती, दुसरीच्या निऱ्या सासूबाईंच्या हातात होत्या, पुरण शिजून घोटायला आलं होतं, आणि सासूबाईंचा मोबाइल किणकिणला. हात गुंतलेले म्हणून त्यांनी अनुपला वाचायला सांगितलं. अनुप वाचायला लागला.

'अत्यंत दुःख के साथ सूचित किया जाता है कि श्रीमती शारदाजी के पति श्री गजाननजी नहीं रहे. अतः शारदाजी आज सवाष्ण के रूप में उपलब्ध नहीं हैं. असुविधा के लिए खेद है.'

अनुप रेल्वेच्या ऑफिसात आहे. शेवटची ओळ आली तसा तो सवयीने "कितने घंटे?" म्हणून गेला, आणि मग त्याला आपण काय वाचलं ते कळलं.

गजाननकाका म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. झाशीतच, नगरा मोहल्ल्यात राहतात. शारदाकाकू त्यांच्या पत्नी. सासूबाईंच्या हातातल्या निऱ्या सुटल्या. अण्णा मटकन बसले, ते नेमके सवाष्णीसाठी मांडलेल्या पाटावर, रांगोळीसकट.

"काल तर बोलला माझ्याशी," ते म्हणाले. "मला म्हणाला, गोळी वेळेवर घेत जा."

सासूबाईंनी गॅस बंद केला. सख्ख्या भावाचं सुतक. काल आवाहन करून बसवलेल्या महालक्ष्म्या, एक साडी नेसलेली, एक अर्धी, आणि आज त्यांना नैवेद्य दाखवायला घरात कुणाचा हात चालायचा नाही. त्या घरात असं कधी झालं नव्हतं. सुहासिनीबाई भिंतीला टेकून त्या दोन मुखवट्यांकडे पाहत राहिल्या, आणि त्यांच्याकडे पाहताना देविकाच्या छातीत सकाळपासून पळणारा उंदीर एकदम जागीच थांबला.

तिने ॲप उघडलं. शारदाकाकूंच्या नावापुढे लिहिलं होतं, 'प्रश्न पढ़ा. उत्तर नहीं दिया. ऐसे प्रश्न पर मौन का अर्थ स्पष्ट है.'

म्हणजे काकूंनी सकाळी मोबाइल पाहिला असणार, 'हे काय अभद्र' म्हणून बाजूला ठेवला असणार, आणि भैयाने काका नेले.

"आई, हे खरं नसेल," देविका म्हणाली. "ॲपने अंदाज केलाय."

"तूच म्हणाली होतीस, ते कधी चुकत नाही."

"मी काकूंना फोन करते."

"करून काय विचारणार? यजमान आहेत का घरात, म्हणून?" सासूबाई म्हणाल्या. "अशा घरी फोन करायचा नसतो, देविका. जायचं असतं."

म्हणून अनुप स्कूटर काढून नगऱ्याकडे निघाला. अण्णा पाटावरून उठायला तयार नव्हते. "पेन्शनवालेसुद्धा वर्षातून एकदाच विचारतात, जिवंत आहात का," ते आपल्याशीच म्हणाले. "तेही नोव्हेंबरात."

देविकाने चोरून, स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर जाऊन काकांचा नंबर लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. काकूंचा लागेचना. आणि ॲपवर तिला दिसलं की आजच्या अनुपलब्ध सवाष्णींचा आकडा तीन आहे. पहिल्या शारदाकाकू. दुसऱ्या क्षमावहिनी, म्हणजे त्यांच्या घरी पूजा सांगायला येणाऱ्या वामन गुरुजींच्या पत्नी. तिसऱ्या नावावर राखाडी पट्टी होती. 'संवेदनशीलता के कारण यह नाम आपको नहीं दिखाया जा सकता.'

स्वतःच्या कंपनीत तिला नाव दिसत नव्हतं. आता ही तिसरी कोण बिचारी, ह्या काळजीने तिने ती पट्टी अंगठ्याने घासून पाहिली.

इतक्यात ज्ञानदाचा फोन आला. महाराष्ट्र मंडळातली ओळख, पाटरांगोळीत नाव नोंदवणारी पहिल्या काहींतली. देविकाला वाटलं, कंपनीच्या पहिल्या दिवसाबद्दल शुभेच्छा देतेय. आवाज जरा ओला वाटला, पण ज्ञानदाला सर्दी बारमाही.

"हिंमत ठेव," ज्ञानदा म्हणाली. "तू एकटी आहेस असं समजू नकोस."

"एकटीच आहे गं. पण एकटीनेच करायचं, हे मी वर्षभरापूर्वीच ठरवलं होतं."

ज्ञानदाने नाक ओढलं. "वर्षभरापूर्वी?"

"हो. आता पुढे कोणी चांगला पार्टनर मिळाला तर बघेन. घाई नाही."

"तुझ्या सासूबाईंना माहीत आहे हे?"

"त्यांचाच तर सगळा आग्रह होता. नावसुद्धा त्यांनीच सुचवलं."

त्यावर ज्ञानदाने फोनच ठेवून दिला. (देविकाला वाटलं, कौतुकाने गहिवरली.)

एवढ्यात घरी ठरलेली सवाष्ण आली. तीही वेळेच्या आधी, म्हणजे ॲपने एक काम तरी बरोबर केलं होतं. ही मृदुला. साताऱ्याकडची, नवरा सैन्यात सुभेदार, सध्या बबीन्याच्या छावणीत. ती दारातून आत आली आणि पाहते तो तिच्या पाटावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले.

"मी सकाळपासून नुसत्या चहावर आहे," तिने आपली बाजू आधीच सांगून टाकली. देविकाने कानात काय घडलं ते सांगितलं. मृदुलाने कपाळावर हात मारला. "असं होय? मलाबी विचारलं की पहाटे, नवरा हाय का म्हणून. मी लिहिलं, हाय, घोरतोय. वर त्याचा फोटो पाठवला. आणि येताना फोन त्याच्याकडंच ठेवून आले. परत विचारलं तर त्याचं त्यानंच सांगावं."

सबंध झाशीत हा एवढा एकच माणूस देविकाच्या कंपनीने नीट हयात ठेवला होता.

सासूबाईंचा मोबाइल पुन्हा किणकिणला. ह्या वेळी अण्णांनी वाचलं आणि चष्मा काढला. "वामन गुरुजीसुद्धा गेले," ते म्हणाले. "आता पूजेचाही प्रश्न मिटला."

तेवढ्यात बाहेरची घंटी वाजली, आणि वामन गुरुजी उपरणं सावरत आत आले.

सासूबाई ओरडल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत. त्या फक्त गुरुजींच्या पायांकडे पाहत राहिल्या. पावलं पुढच्याच बाजूला होती. तरी त्यांनी गुरुजींना उंबऱ्याच्या आत घेऊन एकदा मागून पाहिलं.

"काय झालं?" गुरुजींनी विचारलं. पूजेच्या दिवशी ते मोबाइल बंद करून पिशवीत तळाशी ठेवतात, त्यामुळे आपण गेल्याचं त्यांना कोणी कळवलं नव्हतं. देविकाने कळवलं. मग घाईघाईने म्हणाली, "म्हणजे बघा आई, गुरुजींचं खोटं निघालं. मग काकांचंही खोटंच असणार."

सासूबाईंनी मान हलवली. "यंत्र एकाच्या बाबतीत चुकलं, म्हणून दुसऱ्याच्या बाबतीतही चुकलंच असेल, असं कसं?"

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी स्वतःच्या निधनाच्या बातमीने जरा खट्टू झाले होते, पण शास्त्राचा विषय निघाल्यावर सावरले.

"सुतक मरणाने लागतं तसं कानानेही लागतं," ते म्हणाले. "तुमच्या कानावर पडलंय. आता कानानेच उतरवायला हवं. गजाननरावांचा आवाज ऐकवा, मी त्याच क्षणी संकल्प सोडतो. बारापर्यंत बसतो. पुढे मला घरं आहेत."

झालं. एका माणसाचा आवाज हवा होता, फक्त एक 'हॅलो'. त्याच्यावर महालक्ष्म्यांचा नैवेद्य अडला होता, मृदुलाचं जेवण अडलं होतं, दुसरीची अर्धी नेसलेली साडी अडली होती. आणि काकांचा नंबर व्यस्त.

"व्यस्त आहे म्हणजे कोणीतरी बोलतंय ना," देविका म्हणाली.

"मुलगा बोलत असेल," अण्णा म्हणाले. "सगळ्यांना कळवायचं तर बापाचाच फोन घ्यावा लागतो. नंबर त्यातच असतात."

देविका पुन्हा पायरीवर गेली. टीम नसण्याचा एक तोटा व्हिडिओत कोणीच सांगितलेला नसतो. काही बिघडलं की ज्याच्यावर ओरडावं असं ऑफिसात कोणी नसतं. तिने भैयाला लिहिलं, 'गजानन काका जीवित हैं.'

भैयाने लगेच उत्तर दिलं. 'मैं आपकी पीड़ा समझता हूँ, देविकाजी. ऐसे समय मन सच को मानने से इनकार करता है. यह स्वाभाविक है.'

'आपसे गलती हुई है. तुरंत सुधारिए.'

'आप बिल्कुल सही कह रही हैं. गलती सुधार दी गई है.'

तिने सुटकेचा श्वास सोडला. आत सासूबाईंचा मोबाइल किणकिणला, आणि मागोमाग त्यांच्या तोंडून एक बारीक हुंदका. तोच मेसेज पुन्हा आला होता, सुधारलेला. 'असुविधा के लिए खेद है' ही ओळ काढली होती (भैयाला ती अशा प्रसंगी अशोभनीय वाटली असावी), आणि वर काकांचा फोटो घातला होता. काकूंनी नाव नोंदवताना लावलेल्या जोडीच्या फोटोतून काकांना एकटं कापून काढलेलं. काका कुल्फी खात होते. गळ्यात झेंडूचा हार होता.

"हसतमुख गेला," अण्णा म्हणाले.

मग देविका घरभर फिरायला लागली. स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून अंगणात, प्रत्येक फेरीला काकांचा नंबर. मृदुला तिच्या मागोमाग फिरत विचारत होती की सुतकात निदान केळं तरी चालतं का. गुरुजी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. सासूबाई एकदा उठल्या, अर्धी साडी नेसलेल्या महालक्ष्मीच्या खांद्यावर तिचाच पदर नुसता टाकला आणि लगेच हात मागे घेतला, चटका बसावा तसा. देविकाने ते पाहिलं. भैयाने तिला कितीही 'गहरी बात' म्हटलेली असो, आत्ता ह्या क्षणी ती शाळेत पाचवीच्या मुलांना व्याज शिकवायला आनंदाने गेली असती.

अनुपचा फोन आला. तिने स्पीकर लावला.

"काकांच्या घराला कुलूप आहे," अनुप म्हणाला.

महालक्ष्म्यांच्या दिवशी घराला कुलूप. अण्णांनी डोळे मिटले.

"शेजारी नवीन भाडेकरू आहेत," अनुप सांगत होता. "त्या भाभीजी म्हणतात, सब लोग रोते-रोते गाडीत बसून गेले. दोन जणांनी काकांना धरलं होतं."

"धरून काय केलं?" अण्णांनी विचारलं. "बिठाया म्हणाल्या, की लिटाया?"

"ते विचारलं नाही. थांबा, विचारतो. भाभीजी, वो चाचाजी को..." आणि फोन बंद पडला. अनुपच्या मोबाइलची बॅटरी नेहमी अशीच, प्रश्न संपतो त्याच्या जरा आधी संपते.

बारा वाजायला आले. गुरुजींनी पिशवी जवळ ओढली. मृदुला विस्कटलेल्या रांगोळीकडे पाहत होती. सासूबाईंनी घोटायचं राहिलेलं पुरण झाकून ठेवलं, आणि ते देविकाला बघवेना. रागावल्या असत्या तरी बरं होतं. तिने देवघराच्या कोपऱ्यात उभं राहून, डोळे घट्ट मिटून, पुन्हा काकांचा नंबर लावला. घंटी वाजायला लागली. व्यस्त नाही, खरी घंटी. एकदा, दोनदा. तिने घाईने स्पीकर लावला आणि मोबाइल हातावर नैवेद्याच्या ताटासारखा धरून सगळ्यांच्या मधोमध आणला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. घोगरा, जड, पण काकांचाच.

"काका," देविका म्हणाली. "काका, तुम्ही आहात?"

"मी आहे गं पोरी," काका म्हणाले. "मी आहे. आता मीच आहे तुला."

अण्णा पाटावरून उठले. सासूबाईंनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि त्याच हातांनी निऱ्या उचलल्या. गुरुजींनी पळी-पंचपात्र काढलं. मृदुलाने पाटावरची धूळ पदराने झटकली आणि बसून घेतलं, परत कोणी बसायच्या आत. देविकाला हसू आणि रडू बरोबरच आलं, आणि ह्या गडबडीत काका अजून बोलत होते ते तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"रडू नकोस," काका म्हणत होते. "मुद्दामच फोन केला नाही. अशा घरी फोन करायचा नसतो, पाय न्यायचे असतात. सकाळी मेसेज आला तसा मी बसल्या जागी कोसळलो. पोरांनी धरून गाडीत घातलं, मग मोठ गावाला जाऊन आत्याला घेतलं, ती एकटी कशी येणार? सगळ्यांना मीच कळवलं. समथरची मंडळीही निघालीत. आम्ही चौकात पोचलोय, आलोच. एवढंच कर, अनुपचं शेवटचं दर्शन सगळ्यांना घेऊ दे. आम्ही येईपर्यंत त्याला हलवू नका."

गुरुजींच्या पळीतलं पाणी पळीतच राहिलं.

देविकाच्या डोळ्यांसमोर सकाळ आली. पणती, हाँ, नहीं, आणि त्यावरून सरकलेला तिचा अंगठा. वाचलं. उत्तर दिलं नाही. तिसरं नाव, राखाडी पट्टीखालचं, आणि दुःखाच्या घरी बातमी जाऊ नये म्हणून भैयाने घेतलेली काळजी.

"काका," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "त्याला मघाशीच हलवलाय. तो तुमच्याच घरी गेलाय. स्कूटरवर."

पलीकडे गाडीला करकचून ब्रेक लागला. मग काकांनी विचारलं,

"चालवतंय कोण?"